दुसरी खुंटी

सही करायला मी नकार दिला तेव्हा मालोजीशेठनी आधी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर त्यांनीच हौसेनं लावलेली पाटी होती: क्वालिटीच्या सहीशिवाय माल गेटबाहेर जाणार नाही. ऑडिटला येणाऱ्या साहेबलोकांना दाखवायची ती पाटी. ती आपल्याच गळ्यात येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नव्हतं.

मी मिनल. चाकणला मालोजीशेठच्या वर्कशॉपमध्ये सहा वर्षं क्वालिटी बघते. आमच्याकडं गाड्यांच्या कंपन्यांसाठी बुश आणि पिना असले छोटे सुटे भाग बनतात, दिवसाला हजारोंनी. केसाएवढा फरक दिसला तरी मी लाल टॅग लावते. त्यापायी शॉपमध्ये माझं नाव 'लाल ताई' पडलंय. पडू दे. येत्या दसऱ्याला मला क्वालिटी हेड करायचं शेठनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. ते पद मला हवं होतं, मनापासून हवं होतं. उगाच साळसूदपणा कशाला करू?

ज्या मालावर सही अडली तो बुशही नव्हता आणि पिनही नव्हती. ते बिअर प्यायचं भांडं होतं.

झालं असं. दीपमाला म्हणून एक बाई आहेत, मूळच्या लातूरकडच्या. वीस वर्षं कंपनीत इंजिनियर म्हणून काढली, आणि मग सात मैत्रिणींना बरोबर घेऊन पुनावळ्याला हायवेजवळ स्वतःची बिअर बनवणारं हॉटेल काढायला निघाल्या. आठ जणी, आठ सारखे हिस्से. हॉटेलची एक अख्खी भिंत त्यांना बिअरच्या भांड्यांनी सजवायची होती. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मोबाइलवर एकेक फोटो दाखवत बसल्या, आणि माझा चहा गार होऊन गेला तरी मी ऐकत राहिले.

मातीचा मोठा रांजण, त्यात लांब नळ्या सोडून चौघं चहूबाजूंनी बसून पितायत. हे म्हणे हजारो वर्षांपूर्वीचं. मग बैलाचं शिंग. भरलेलं शिंग खाली ठेवता येत नाही, त्यामुळं एकदा हातात घेतलं की रिकामं करूनच सुटका. मग चामड्याचा मग, आतून राळ फासलेला. लाकडी फळ्यांना कडी ठोकून केलेला, छोट्या पिंपासारखा. जर्मन लोकांचा भाजक्या मातीचा, वर कथलाचं झाकण असलेला, आणि मग सगळाच्या सगळा कथलाचा. शेवटी काच. "काच आली आन् लोकायला पहिल्यांदा दिसलं की आपण पितोय ते किती गढूळ हाय," दीपमालाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

"बाकी सगळं मिळालं. हे कुठंच मिळंना." त्यांनी शेवटचा फोटो पुढं केला.

बुडाला रुंद, तोंडाला अरुंद असा मग. आतल्या बाजूला एकाखाली एक खुंट्या, सरळ उभ्या रांगेत. इंग्लंडात आणि त्याच्याही वर उत्तरेकडच्या देशांत ही पद्धत होती. भांडं एकच, ते सगळ्यांत फिरायचं. पहिल्यानं तोंड लावायचं आणि पहिली खुंटी उघडी पडेपर्यंत प्यायचं. मग शेजारच्याला द्यायचं. त्यानं दुसऱ्या खुंटीपर्यंत. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. कुठल्याशा राजानं लोकांचं पिणं कमी व्हावं म्हणून या खुंट्या ठोकायला लावल्या अशी दंतकथा आहे. झालं उलटंच. खुंटी चुकली की त्यानं पुन्हा प्यायचं असा नियम पडला, आणि लोक मुद्दाम चुकायला लागले. हे ऐकून शेठ पोट धरून हसले.

"उद्घाटनाला आम्ही आठ जणी ह्याच्यातूनच पिणार," दीपमालाबाई म्हणाल्या. "म्हणून शोभेचं नको. चालणारं पाहिजे. दोन लिटर, आठ वाटे. कथलाचंच करा, पण त्यात शिसं नको. पूर्वी घालायचे म्हणे, आणि ते हळूहळू पोटात जायचं."

शेठना नव्या कामाची खाज आहे. हा त्यांचा गुण मी नाकारत नाही. त्यांनी ऑर्डर घेतली.

कथील म्हणजे पितळी भांड्यांना कल्हई करायचे तेच. त्यात थोडं तांबं आणि अँटिमनी मिसळून भोसरीच्या एका ओतकामवाल्यानं तीन कोरे मग ओतून दिले. शिसं नसल्याचा दाखला मी मागून घेतला. आमच्या ओंकारनं पहिला मग लेथच्या चकमध्ये पोलादासारखा आवळला आणि तो चेपून त्याची पार पोळी झाली. ओंकार प्रोग्रॅमिंगमध्ये हुशार पोरगा, दोन लेकरांचा बाप, पण त्या दिवशी त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुसरा मग त्यानं जपून केला. बाहेरून आरशासारखा, आत सात खुंट्या. आठवा वाटा तळापर्यंतचा.

मी व्हर्नियर लावलं. खुंट्यांमधलं अंतर चोवीस मिलिमीटर. पुन्हा चोवीस, पुन्हा चोवीस. सगळं ड्रॉइंगप्रमाणं होतं. सहीसाठी पेन माझंही निघालं होतं, ते लपवत नाही. मग काय मनात आलं कोण जाणे, मी केमिकल मोजायचा काचेचा सिलिंडर धुऊन आणला आणि मगात पाणी ओतलं.

वरच्या खुंटीपर्यंतचं पाणी भरलं एकशे पंच्याण्णव मिलिलिटर. तळाचं भरलं तीनशे दहाच्या आसपास.

आम्ही सगळी लांबी मोजणारी माणसं. फोटोत खुंट्या सारख्या अंतरावर दिसल्या, ओंकारनं उंचीला आठानं भागलं, शेठनी ड्रॉइंगवर सही केली, आणि मी व्हर्नियर लावून मान डोलावली. भांडं वर अरुंद आणि खाली रुंद आहे, हे तिघांच्याही डोळ्यांसमोर होतं. अंतर सारखं आणि वाटा वेगळा. पहिलीला मिळणार त्याच्या दीडपट शेवटचीला. दोघींच्या मध्ये एक अख्खा कटिंग चहा मावला असता.

"ड्रॉइंगप्रमाणं हाय ना?" शेठ म्हणाले.

"ड्रॉइंग चुकलंय."

"आगं, कोण मोजाय बसलंय? दारू पिणारी मानसं ती. दोन घोट इकडं काय आन् तिकडं काय."

"त्यांनी आठ सारखे वाटे मागितलेत. हे सारखे नाहीत. मी लाल टॅग लावतेय."

तेव्हाच त्यांनी पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मिनल, हेड व्हायचंय ना तुला? मंग जरा हेडसारखं वाग. न्हाईतर सोमवारपास्नं सहीला दुसरा मानूस बघतो मी."

मी टॅग लावला आणि घरी गेले.

रविवारी निगडीला घरी हे सगळं सांगितलं. आई, म्हणजे गिरजाबाई, भाजी निवडत होती. पंचशील पाठ असलेली आणि पाळणारी बाई. "दारूची भांडी करायला लागलीस व्हय आता?" एवढंच म्हणाली. आमच्या घरात कुणी थेंब घेत नाही.

पप्पा खुर्चीत बसून ऐकत होते. पप्पा, नागसेन, चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत गेज-रूममध्ये होते. दुसऱ्यांची मापं बरोबर आहेत की नाही हे तपासायचं, हेच त्यांचं काम. "दारू त्यांची," ते आईला म्हणाले, "माप तर आपलं आहे." आणि मग जे बोलले ते मी तुकड्यातुकड्यांनी आधी ऐकलं होतं, सलग कधीच नाही.

मालोजीशेठचं गाव आणि आमचं गाव एकच. माझे आजोबा शेठच्या वडिलांच्या खळ्यावर कामाला असायचे. सात वर्षांचे पप्पा त्यांच्याबरोबर जायचे. दुपारी चहा व्हायचा. बाकीच्या गड्यांना पितळ्यांत. आजोबांसाठी गोठ्याच्या कोनाड्यात दांडी तुटलेला एक कप उलटा घातलेला असे. तो स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा, लांब धरायचा. शेठच्या आई, कौशल्याबाई, वरून धार सोडायच्या, भांड्याला भांडं लागू न देता.

"आणि कप अर्धाच," पप्पा म्हणाले. "बाकीच्यांच्या पितळ्या काठोकाठ. मळणी मात्र सगळ्यांनी सारखीच केलेली. मी एकदा विचारलं, अर्धाच का? तुझे आजोबा म्हणाले, वरून ओतताना सांडंल म्हणून." ते हसले नाहीत. "चौतीस वर्षं लोकांची गेजं तपासली गं. तो कप काही कुणी तपासला नाही."

मला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला. चिडले की मी भांडी घासते. त्या दिवशी घरातलं एकही भांडं सोडलं नाही.

सोमवारी सकाळी मी शॉपमध्ये गेले तेव्हा दुसरा माणूस आलेला नव्हता. ओंकार मात्र तिसरा कोरा मग पुढ्यात घेऊन बसला होता. "ताई, वर खुंटीचं अंतर साडेतीस मिलिमीटर येतंय आणि तळाशी जेमतेम एकोणीस," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "रात्री गणित केलं. आधीच करायला पाहिजे होतं." त्या क्षणी मला त्याची पाठ थोपटावीशी वाटली. मी त्याला फक्त सिलिंडर दिला.

शेठ मागं येऊन उभे राहिले. "करा काय करायचं ते. शुक्रवारी बाई येनार हायेत. माल गेला न्हाई तर तूबी गेलीस म्हनून समज."

"चालेल," मी म्हणाले. आतून चाललं नव्हतं.

चार दिवस आम्ही त्या मगाला जपलं. ओंकारनं लेथच्या चकला आतून चामड्याच्या पट्ट्या लावल्या. प्रत्येक खुंटी बसवली की पाणी भरायचं, मोजायचं, पुढची खूण करायची. खुंट्या वर विरळ आणि खाली दाट दिसू लागल्या. फोटोतल्यासारखं काहीच राहिलं नाही. शेठ जाता-येता म्हणायचे, "ह्ये बघून गिऱ्हाईक म्हनंल, दारू पिऊनच खुंट्या ठोकल्यात." गुरुवारी आठही वाटे अडीचशे मिलिलिटरवर आले, दोन-तीन थेंबांच्या फरकानं. दोन-तीन थेंब मी माफ केले.

शुक्रवारी दुपारी दीपमालाबाई आल्या. त्यांनी मग उचलला, आत डोकावल्या, खुंट्यांवरून बोट फिरवलं. त्या इंजिनियर होत्या. बोट तळाशी पोचायच्या आत त्यांना कळलं. "समान अंतर नाही, समान वाटा," त्या म्हणाल्या. शेठ लगेच पुढं झाले. "व्हय तर! आमी मुद्दामच तसं केलंय." मी सिलिंडरच्या मापांचा कागद बाईंपुढं ठेवला.

"आता माझ्यासमोर आठ जण पिऊन दाखवा," बाई म्हणाल्या. "पाणीच भरा. सिलिंडरचं माप मला पटलं, पण तोंड लावल्यावर माणसाला खुंटी दिसती का, ते बघायचंय. मिनलताई, पहिल्या तुम्ही. मग शेठ. मग बाकीचे."

इथं एक सांगायला हवं. आमच्या शॉपमध्ये चहा कागदी कपातून येतो. सहा वर्षं मी आणि मालोजीशेठ एकाच टेबलावर चहा पितोय. कोण कुणाच्या कपातून प्यालं हा प्रश्न कधी आला नाही, कारण कप फेकून देता येतो. कागदी कप आले तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटलं, तो प्रश्न सुटला नव्हता, नुसता कचऱ्याच्या डब्यात जात होता.

मगात दोन लिटर पाणी भरलं. आठ माणसं गोल उभी राहिली. मी दोन्ही हातांनी मग उचलला, काठाला ओठ लावले आणि प्यायले. थंड पाणी, कथलाची किंचित चव. खुंटीचं टोक पाण्याबाहेर आलं तशी थांबले. बाईंनी डोकावून मान डोलावली. मी मगाची दांडी शेठकडे फिरवली.

शेठनी मग घेतला आणि सवयीनं डोक्याच्या वर धरला, तांब्यातून वरून पितात तसा.

"शेठ, तोंड लावून," बाई म्हणाल्या. "वरून प्यालात तर खुंटी कशी दिसणार?"

"व्हय, व्हय." त्यांनी मग खाली आणला. ओठांशी नेला. तिरपा केला. त्यांच्या मिशा भिजल्या. गळ्याची गाठ मात्र जागची हलली नाही. मी माप घेणारी बाई, मला ते न दिसून कसं चालेल? मग त्यांनी 'आ' करून समाधानाचा आवाज काढला आणि मग ओंकारच्या हातात दिला.

कुणी म्हणेल, काही लोकांना उष्टं चालत नाही. खरं आहे. पण दुपारी गेटबाहेर ओंकारच्या बोटांतली अर्धी सिगरेट हे गृहस्थ ओढतात, त्याच्याच ओठांची. सहा वर्षं मी बघतेय.

ओंकारनं मगात पाहिलं आणि तसाच उभा राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, पुन्हा मगात पाहिलं.

मी पुढं गेले, त्याच्या हातातून मग घेतला आणि आत डोकावले. दुसरी खुंटी पाण्याखाली होती. साधी बुडालेली नाही. पाणी पहिल्या खुंटीपाशी होतं तिथंच होतं. मी सोडलं होतं तिथंच.

गप्प बसता आलं असतं. सही करून मोकळी झाले असते, दसऱ्याला हेडच्या खोलीवर माझं नाव लागलं असतं. बाईही बहुतेक काही बोलल्या नसत्या. पण मला तो कप दिसला, कोनाड्यातला, उलटा घातलेला. अर्धा कप का, तर सांडेल म्हणून. आणि मी ठरवलं, आज कारण ऐकून घ्यायचं नाही.

"मालोजीशेठ," मी म्हणाले, "दुसरी खुंटी अजून पाण्यात आहे."

"घेतलं की मी."

"ओठ लागले. पाणी गेलं नाही." मी मग त्यांच्यासमोर धरला, त्यांनाही आत दिसेल असा. "माझ्या ओठांच्या जागी ओठ लावायचे नसतील तर तसं सांगा. मी रिपोर्टमध्ये तेच लिहीन. पण प्यालो म्हणून लिहिणार नाही."

शेठचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यांनी दीपमालाबाईंकडे पाहिलं. बाईंच्या तोंडावर आता हसू नव्हतं.

"नियम काय आहे ते मी सांगितलंच होतं, शेठ," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्याची खुंटी चुकली त्यानं पुन्हा प्यायचं."

मी मग तसाच धरून उभी राहिले. दोन लिटरचा तो मग, वर कथलाचं वजन. दंड भरून आले. हात खाली घ्यायचा नाही एवढंच मी मनाशी म्हणत होते. शेठ माझ्याकडे बघत होते. मी सात वर्षांची असते तर नजर खाली घेतली असती. मी छत्तीसची आहे.

त्यांनी मग घेतला. काठाला ओठ लावले आणि प्यायले. एक घोट, दुसरा, तिसरा. गळ्याची गाठ खालीवर होताना सगळ्यांना दिसत होती. मग त्यांनी मग खाली घेतला आणि स्वतःच आत डोकावून पाहिलं. दुसऱ्या खुंटीचं टोक वर आलं होतं.

"पानीच तर हाय," ते हळू आवाजात म्हणाले. कुणाला सांगत होते, ते मला कळलं नाही.

मग पुढं गेला. ओंकार, मग बाकीचे पाच. सहाव्यापाशी थोडं हसू फुटलं, शेवटच्यानं तळ दाखवला. आठ माणसं, आठ वाटे, आणि सगळ्यांना खुंटी दिसली. बाईंनी तिथल्या तिथं मग कापडात गुंडाळला.

मी रिपोर्ट भरला. खुंटी एक: मिनल, बरोबर. खुंटी दोन: मालोजी, दुसऱ्या प्रयत्नात बरोबर. खुंटी तीन: ओंकार, बरोबर. आणि असं खालपर्यंत. शेवटी सही केली आणि कागद मालकाच्या सहीसाठी शेठपुढं सरकवला.

त्यांनी वाचला. पेन दुसऱ्या ओळीवर थांबलं. "ह्ये काढ."

"खोटं आहे का?"

मग त्यांनी सही केली, जरा जास्तच जोर देऊन, आणि उठून बाहेर गेले. दसऱ्याचं काय होणार ते मला ठाऊक नाही. त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. काढीन. ते पद मी कामानं मिळवलंय, आणि ते मला अजूनही हवंय.

रिपोर्टची एक कॉपी मी संध्याकाळी घरी नेली. पप्पांनी चष्मा लावला आणि गेज-रूममध्ये वाचायचे तसं बोट ठेवून ओळीओळीनं वाचलं. दुसऱ्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं.

"भांडं एकच होतं?"

"एकच."

"काठोकाठ भरलेलं?"

"काठोकाठ."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. "आणि आधी कोण प्यालं?"

"मी," मी म्हणाले.